घरात एकजण वेप ओढतो; बाकीच्यांच्या फुप्फुसांचं काय?

प्रश्न : आम्ही नाशिकला इंदिरानगरमध्ये एकत्र राहतो. धाकट्या दिरांनी दोन वर्षांपूर्वी सिगारेट सोडली आणि वेप सुरू केला. आता ते हॉलमध्ये टीव्ही बघताना ओढतात, कधी गाडीतही. सासूबाईंना दमा आहे आणि माझं बाळ आठ महिन्यांचं आहे. भाऊजी म्हणतात, ही नुसती पाण्याची वाफ आहे, इंग्लंडमध्ये तर सरकारच ती वापरायला सांगतं, आणि आपल्या देवघरातला धूप याहून वाईट. नणंद म्हणते, वेपनं अमेरिकेत माणसं मेली, बाळाचं फुप्फुस खराब होईल. आमच्या ह्यांचं म्हणणं, सिगारेट सुटली ना, मग आता वाद कशाला. खरं कोणाचं? बाल्कनीत ओढलं तर चालेल का? पोलिसांत तक्रार करता येते का? आणि बाळाची काही तपासणी करून घ्यावी का?

उत्तर :

ताई, निकाल आधी सांगतो, कारणं मागून. तुमच्या घरात आणि तुमच्या गाडीत वेप ओढू नये. भाऊजींचे निम्मे मुद्दे खरे आहेत, नणंदेचा सगळ्यात जोरदार मुद्दा इथे लागू पडत नाही, आणि तरीही निकाल नणंदेच्या बाजूने जातो. छातीच्या विकारांचा डॉक्टर म्हणून हा वाद माझ्यासमोर हल्ली वरचेवर येतो. बहुतेक वेळा दोन्ही बाजू मोबाइलवर काहीतरी वाचून आलेल्या असतात आणि दोघांनीही अर्धंच वाचलेलं असतं.

वेपमध्ये, म्हणजे ई-सिगारेटमध्ये, एक बॅटरी असते, तारेची एक छोटी कॉइल असते आणि कॉइलभोवती कापसात मुरलेला द्रव असतो. द्रवात मुख्यतः प्रॉपिलिन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन, शिवाय निकोटिन आणि आंबा, पुदिना, कलिंगड अशा चवींची रसायनं. ओढलं की कॉइल तापते, द्रव उडतो आणि हवेत येताच थंड होऊन त्याचे अतिसूक्ष्म थेंब बनतात. तोच तो पांढरा ढग. त्यात पाण्याचा वाटा अगदी किरकोळ असतो. तापलेल्या ग्लायकॉल आणि ग्लिसरीनपासून फॉर्माल्डिहाइड, अ‍ॅसिटाल्डिहाइड, अ‍ॅक्रोलीन असे श्वासनलिकेला झोंबणारे पदार्थ थोड्या प्रमाणात तयार होतात. कॉइल जास्त तापली किंवा द्रव संपत आला की ते वाढतात. कॉइलच्या धातूतून निकेल, क्रोमियम, शिसं यांचे अंश येतात. कॉइलला लागलेल्या द्रवात ते उतरतात हे अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ साली दाखवलं. अमेरिकेच्या सर्जन जनरलांच्या २०१६च्या अहवालातही ही निरुपद्रवी पाण्याची वाफ नाही असं स्पष्ट म्हटलं आहे. म्हणजे ‘नुसती पाण्याची वाफ’ हा मुद्दा भाऊजींनी सोडून द्यावा.

आता त्यांची खरी बाजू. ती मांडली नाही तर ते माझं पुढचं काही ऐकणार नाहीत, आणि ते योग्यच होईल.

सिगारेट किंवा विडी पेटवली की ओढणारा झुरका घेत नसतानाही ती जळतच राहते. शेजारच्याच्या नाकात जो धूर जातो त्याचा मोठा वाटा त्या जळत्या टोकाचा असतो, ओढणाऱ्याने सोडलेल्या धुराचा वाटा त्यामानाने कमी. वेपला जळतं टोकच नाही. बटण दाबलं किंवा ओढलं तरच ढग निघतो आणि तोही आधी ओढणाऱ्याच्या छातीत जाऊन मग बाहेर येतो. वेप ओढणाऱ्यांच्या श्वासावर झालेल्या एका छोट्या अभ्यासात, आत घेतलेल्या निकोटिनपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक ओढणाऱ्याच्याच शरीरात राहिलेलं दिसलं. शिवाय हे थेंब लवकर उडून जातात. सिगारेटचा धूर खोलीत बराच वेळ रेंगाळतो, वेपच्या ढगातले कण त्याच्या मानाने फार लवकर विरतात. सिगारेटच्या धुरात सात हजारांहून अधिक रसायनं असतात, त्यातली किमान सत्तर कर्करोगकारक. दुसऱ्याच्या धुरामुळे जगात दरवर्षी दहा लाखांहून अधिक माणसं मरतात. वेपच्या ढगाबद्दल असा कुठलाही आकडा कोणाकडे नाही. तेव्हा भाऊजी आज हॉलमध्ये सिगारेट ओढत असते, तर आत्ता आहे त्याहून घर कितीतरी वाईट असतं. तुमच्या यजमानांचं म्हणणं इथपर्यंत बरोबर आहे.

पण ही तुलना सिगारेटशी झाली. तुमचं बाळ सिगारेट ओढत नव्हतं. सासूबाईही नव्हत्या. भाऊजींनी एक वाईट सवय सोडून तिच्याहून कमी वाईट सवय धरली, त्यात त्यांचा काहीतरी फायदा झाला. बाळाच्या वाट्याला त्या सौद्यातलं काय आलं? त्याच्यासाठी तुलना स्वच्छ हवेशीच करायला हवी, आणि या वादात नेमकी तीच कोणी करत नाही.

ती तुलना मोजूनही झाली आहे. अमेरिकेतल्या एका मोठ्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीत २०१७ ते २०२० या काळात तीन ते अकरा वर्षांच्या १,७७७ मुलांचं रक्त तपासलं होतं. त्यात कोटिनिन मोजलं. निकोटिन शरीरात गेल्यावर त्याचं जे होतं ते कोटिनिन. ते सापडलं म्हणजे निकोटिन आत गेलं, इतका सरळ हिशेब. घरात फक्त वेप ओढलं जात असलेल्या मुलांत ते सिगारेटच्या घरातल्या मुलांपेक्षा सुमारे ८४ टक्क्यांनी कमी होतं. भाऊजींना हा आकडा आवडेल. पण त्याच अभ्यासातला दुसरा आकडाही वाचायला हवा : जिथे दोन्हींपैकी काहीच ओढलं जात नव्हतं त्या घरांतल्या मुलांपेक्षा वेपच्या घरातल्या मुलांत ते साधारण पाचपट होतं. बार्सिलोनात घरोघरी हवा मोजून झालेला एक अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यात वेपच्या घरातल्या हवेत निकोटिन सिगारेटच्या घरापेक्षा जवळजवळ सहापट कमी निघालं, पण तिथे राहणाऱ्या न ओढणाऱ्या माणसांच्या शरीरातला फरक तेवढा मोठा नव्हता. अभ्यास लहान होता, त्यामुळे मी त्यावर फार भार टाकणार नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने २०१८ साली तोवरचे सगळे पुरावे चाळून दोन गोष्टी लिहिल्या. बंद जागेत वेप ओढल्याने हवेतले सूक्ष्म कण आणि निकोटिन वाढतात, हे निर्विवाद आहे. आणि हे प्रमाण सिगारेटपेक्षा कमी असतं, याला मध्यम दर्जाचा पुरावा आहे. दोन्ही वाक्यं एकाच अहवालातली. भाऊजी दुसरं वाचतात आणि नणंद पहिलं.

माझ्याकडे निफाड आणि दिंडोरीकडचे बागायतदार येतात, त्यांना ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. द्राक्षाच्या बागेत फवारणी चालू असताना वाऱ्याने शेजारच्या वस्तीवर जो फवारा उडत येतो, तो ट्रॅक्टरवरच्या माणसाला मिळतो त्याहून कितीतरी कमी असतो. म्हणून कोणी अंगणात बाळाला झोळीत ठेवून फवारणी बघत बसत नाही.

आता सासूबाई. माझ्या मते तुमच्या घरातला आजचा, या आठवड्यातला धोका बाळाहून त्यांना जास्त आहे. दम्याच्या माणसाची श्वासनलिका आधीच सुजलेली आणि चिडकी असते. निरोगी माणसाला जी गोष्ट जाणवतही नाही तिने ती आकसते : फोडणीचा खाट, फिनेलचा वास, अत्तर, झाडलोटीची धूळ. ग्लायकॉलचे थेंब घसा कोरडा करणारे आणि झोंबरे असतात. हे वेपमुळे नव्याने कळलेलं नाही. नाटकात आणि ऑर्केस्ट्रात रंगमंचावर जो कृत्रिम धूर सोडतात, त्यात हाच ग्लायकॉलचा प्रकार वापरतात. त्या धुरात रोज काम करणाऱ्या रंगमंच कामगारांवर कॅनडात अभ्यास झाला, त्यात खोकला, घसा कोरडा पडणं असे त्रास धुराशी जोडलेले दिसले. कालिदास कलामंदिरात पुढच्या रांगेत बसून पहिल्या अंकातच खोकला सुरू झालेले दमेकरी मला भेटलेले आहेत. तिथे निदान मध्यंतरात उठून बाहेर जाता येतं.

वेपबद्दल थेट पुरावा म्हणाल तर अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात दमा असलेल्या अकरा ते सतरा वर्षांच्या सुमारे अकरा हजार आठशे मुलांची २०१६ साली पाहणी झाली. ज्यांच्या जवळपास कोणीतरी वेप ओढत होतं, त्यांना गेल्या वर्षभरात दम्याचा झटका येऊन गेल्याची शक्यता २७ टक्क्यांनी जास्त दिसली. ती मुलं स्वतः ओढतात का, त्यांच्याजवळ सिगारेट ओढली जाते का, हे हिशेबातून वेगळं काढूनही. दक्षिण कॅलिफोर्नियात २०१४ ते २०१९ अशी काही वर्षं सुमारे दोन हजार तरुणांचा मागोवा घेतला; घरात दुसरं कोणी वेप ओढत असलेल्यांना खोकला-कफाचा त्रास आणि धाप जास्त होती. हा अभ्यास २०२२ साली ‘थोरॅक्स’ या नियतकालिकात आला.

इथे जरा थांबून या अभ्यासांची किंमत सांगतो, कारण भाऊजी नेमकं इथेच बोट ठेवतील. हे सगळे लोकांना विचारून केलेले अभ्यास आहेत. घरात वेप आहे त्या घरात आणखीही काही असू शकतं : चूल, कुत्रा, ओल, चोरून ओढलेली सिगारेट. कॅलिफोर्नियाच्या अभ्यासात छातीतून शिट्टीसारखा आवाज येण्याशी वेपचा संबंध ठामपणे दिसलाच नाही, आणि दम्यात तर तेच मुख्य लक्षण. तेव्हा ‘वेपमुळे दमा होतो हे सिद्ध झालं’ असं कोणी सांगितलं तर मी मान डोलावणार नाही. पण आधीच दमा असलेल्या सासूबाईंच्या खोलीत झोंबरा ढग सोडू नये, हे सांगायला मला तेवढ्या सिद्धतेची गरज नाही. कॅन्सरसारखी वीस-तीस वर्षांनी दिसणारी गोष्ट असेल तर कोणाकडेच इतक्या वर्षांचा अनुभव नाही. आजचा वेप २००३च्या सुमारास चीनमध्ये तयार झाला आणि घराघरांत पोचायला त्यालाही बरीच वर्षं गेली.

बाळाचं गणित वेगळं. मोठं माणूस मिनिटाला बारा ते वीस वेळा श्वास घेतं, तान्हं बाळ तीस ते साठ वेळा. वजनाच्या मानाने ते तुमच्या-माझ्याहून कितीतरी जास्त हवा आत घेतं. आठव्या महिन्यात ते रांगतं आणि हाताला लागेल ते तोंडात घालतं. ढग विरला तरी त्यातलं निकोटिन सोफ्याच्या कापडावर, फरशीवर, पडद्यावर थोडं थोडं बसत जातं. त्याचं प्रमाण किती आणि बाळाला त्याने किती अपाय होतो, याचा पुरावा अजून तोकडा आहे. निकोटिन वाढत्या मेंदूला आणि फुप्फुसाला चांगलं नाही, याबद्दल मात्र वाद नाही. घरात कोणी गरोदर असेल तर हेच दुप्पट जोराने सांगेन.

पण बाळाच्या बाबतीत मला ढगापेक्षा बाटलीची भीती जास्त वाटते, आणि तुमच्या पत्रात बाटलीचा उल्लेखच नाही. आपल्याकडे चोरून येणाऱ्या एकदा वापरून फेकायच्या वेपवर बऱ्याचदा ‘५ टक्के’ असं छापलेलं असतं. म्हणजे एका मिलिलिटरमध्ये साधारण ५० मिलिग्रॅम निकोटिन. लहान मुलाला असे काही मिलिलिटरसुद्धा जिवावर बेततात. न्यूयॉर्क राज्यात २०१४ साली एका वर्षाचं मूल असा द्रव पिऊन दगावलं. या वेपच्या नळकांड्या रंगीत असतात, त्यांना फळांचा वास येतो, आणि त्या सोफ्याच्या फटीत, गाडीच्या सीटवर, उशाशी पडलेल्या असतात. बाळाने चोखलं किंवा द्रव अंगावर सांडला अशी नुसती शंका आली तरी कपडे काढून त्वचा पाण्याने धुवा, उलटी करवू नका, आणि १०८ला फोन करा किंवा सरळ मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात न्या, ती नळकांडी सोबत घेऊन. लाळ गळणं, उलट्या, घाम, फिकट पडणं, सुस्ती, झटके यांची वाट बघू नका. आजच्या आज घरातल्या सगळ्या नळकांड्या कुलपात गेल्या पाहिजेत. संपलेल्यासुद्धा, कारण त्यात उरलेलं निकोटिन असतं आणि लिथियमची बॅटरी असते.

नणंदेच्या अमेरिकेतल्या मृत्यूंकडे येतो. ते खरे आहेत. २०१९ साली तिथे फुप्फुसं अचानक निकामी होण्याची साथ आली होती. फेब्रुवारी २०२०पर्यंत २,८०७ रुग्ण नोंदले गेले आणि ६८ जण दगावले. पण ते स्वतः ओढणारे होते. बहुतेकांनी टीएचसीचा, म्हणजे गांजातल्या नशेच्या घटकाचा, बेकायदा द्रव ओढला होता आणि त्यात मिसळलेल्या व्हिटॅमिन ई अ‍ॅसिटेटवर संशय पक्का झाला. शेजारी बसून ढग नाकात गेल्याने असं झाल्याचं त्यात नाही. हा मुद्दा वादात आणला की भाऊजी तो एका मिनिटात खोडतील आणि मग बाकीचंही ऐकणार नाहीत. पॉपकॉर्न लंगची, म्हणजे बारीक श्वासनलिका कायमच्या आखडण्याच्या विकाराची, भीतीही अशीच व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत असते, ती या वादात आणू नका.

इंग्लंडचंही पूर्ण सांगायला हवं. तिथल्या सार्वजनिक आरोग्य संस्थेने २०१५ साली वेप सिगारेटपेक्षा सुमारे ९५ टक्के कमी हानिकारक असल्याचं म्हटलं. तो आकडा तज्ज्ञांच्या एका गटाच्या अंदाजावरून आलेला होता, आणि तो ओढणाऱ्यासाठी होता, शेजारच्यासाठी नव्हे. शेजारच्याला अपाय झाल्याचं अजून आढळलेलं नाही, असंही त्या संस्थेने पुढे म्हटलं, पण दमेकऱ्यांना त्रास होऊ शकतो अशी पुस्ती जोडून. २०२३ साली तर दहा लाख धूम्रपान करणाऱ्यांना वेपचा संच देण्याची योजना तिथल्या सरकारने जाहीर केली. हे सगळं खरं. पण त्याच इंग्लंडची आरोग्यसेवा लोकांना सांगते की तान्ह्या बाळांजवळ आणि मुलांजवळ वेप ओढणं टाळलेलं बरं. तिथे निकोटिनवर मिलिलिटरला २० मिलिग्रॅमची कायदेशीर मर्यादा आहे, बाजारात येण्याआधी द्रवाची नोंद करावी लागते, आणि एकदा वापरून फेकायच्या वेपवर १ जून २०२५पासून विक्रीबंदीच आली. भाऊजी इंग्लंडचं प्रमाणपत्र दाखवतात आणि ओढतात ते कुठूनतरी पिशवीतून आलेलं, ज्याच्या लेबलवर काय छापलंय आणि आत काय आहे याचा एकमेकांशी संबंध असेलच असं नाही. तिथल्या अभ्यासांचे दिलासा देणारे आकडे या मालाला तसेच्या तसे लावता येत नाहीत.

धुपाचं म्हणाल तर मी भाऊजींशी पूर्ण सहमत आहे, आणि हे सासूबाईंना आवडणार नाही. अगरबत्ती, धूप, कापूर, यांचा धूर दम्याला त्रासदायकच. आणि डासांची कॉइल तर या सगळ्यांची वरताण. २००३ साली चीन आणि मलेशियातल्या कॉइलवर झालेल्या एका अभ्यासात, एक कॉइल जळताना पीएम २.५ म्हणजे अतिसूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके निघाले. कॉइल लावून बंद खोलीत बाळाला झोपवणारी आणि वेपवरून भांडणारी घरं मी पाहिली आहेत. नाशिकची हवा तशीही फार गोड राहिलेली नाही. राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमात ज्या शहरांची हवा निकषात बसत नाही म्हणून नावं आहेत, त्यात नाशिक आहे. तेव्हा देवापुढे निरांजन लावा, धूप हवाच असेल तर खिडकीशी आणि थोडाच, कॉइलऐवजी मच्छरदाणी. पण ‘धूप चालतो मग वेपही चालू दे’ हा न्याय मला पटत नाही. छातीला दोन्हींची बेरीज होते.

बाल्कनीत चालेल का? हॉलपेक्षा नक्कीच बरं, पण तीन अटींवर : मधलं दार बंद, बाळाचे कपडे आणि सासूबाईंची खुर्ची तिथे नाही, आणि ओढून झाल्यावर लगेच बाळाला उचलायचं नाही, हात-तोंड धुवावं, दोन-चार मिनिटं बाहेर काढावीत. तुमची बाल्कनी काचा लावून बंद केलेली असेल, जशी हल्ली निम्म्या इमारतींत असते, तर ती खोलीच समजा. गच्ची किंवा खाली मोकळी जागा उत्तम. पंखा लावून भागत नाही, तो ढग फक्त पसरवतो. एअर प्युरिफायर कण पकडतो, पण वायूरूपातलं निकोटिन आणि फॉर्माल्डिहाइड साध्या गाळणीत अडकत नाहीत. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे थंडीमुळे खिडक्या दिवसदिवस बंद असतात, तेव्हा हे सगळंच वाढतं. मागच्या हिवाळ्यात सासूबाईंचा पंप जास्त लागला का, हे जरा आठवून बघा.

गाडीत मात्र अजिबात नाही, काच थोडी खाली करूनही नाही. एवढीशी जागा, एसी आतलीच हवा फिरवणारा, आणि मुंबईला जाताना कसारा घाट उतरेपर्यंत बाळ मागच्या सीटवर अडकलेलं. बंद खोलीत बरेच जण एकदम वेप ओढतात अशा मेळाव्यांत मोजणी झाली आहे. तिथे पीएम २.५ घनमीटरला शेकडो मायक्रोग्रॅमवर गेलेले सापडले. जागतिक आरोग्य संघटनेची चोवीस तासांची मार्गदर्शक मर्यादा १५ आहे. तुमच्या गाडीत ओढणारा एकच असला तरी ती खोली नसून डबी आहे.

पोलिसांचं. आपल्याकडे सप्टेंबर २०१९मध्ये अध्यादेश आला आणि त्याच वर्षी संसदेने ई-सिगारेट बंदीचा कायदा केला. बनवणं, आयात, विक्री, वाटप, साठा आणि जाहिरात हे गुन्हे आहेत. विक्रीसारख्या गुन्ह्याला पहिल्यांदा एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही; पुन्हा केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. साठा करण्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. नुसतं ओढणं या यादीत नाही. त्यामुळे भाऊजींविरुद्ध तक्रार करून फारसं काही होणार नाही आणि घरही फुटेल. विकणाऱ्याविरुद्ध मात्र जरूर करा. कॉलेजच्या पोरांना बॅगेतून काढून हे देणारे आहेत, आणि कधीही सिगारेट न ओढलेली ती मुलं थेट निकोटिनला लागलेली मी ओपीडीत बघतो. त्यांच्या बाबतीत ‘सिगारेटपेक्षा बरं’ हा मुद्दाच उरत नाही.

आता भाऊजींशी बोलायचं कसं. त्यांनी सिगारेट सोडली ही मोठी गोष्ट आहे आणि ती त्यांना सांगा; मी उपरोधाने म्हणत नाही. सिगारेट सोडवण्यात निकोटिनचा वेप हा निकोटिनच्या गोळ्या-पट्ट्यांपेक्षा जास्त लोकांना उपयोगी पडतो, याचा चांगला पुरावा आहे. वेप घरातून हाकलण्याच्या नादात ते परत सिगारेटकडे वळले तर सगळ्यांचंच नुकसान. तेव्हा ‘तू विष ओढतोस’ म्हणू नका. ‘आईची छाती आणि बाळ, म्हणून घरात आणि गाडीत नको’ एवढंच ठेवा, आणि हे तुमच्या यजमानांनी बोलावं, तुम्ही नव्हे. मोठ्या भावाने म्हटलेलं वेगळं लागतं. वहिनीने म्हटलं की त्याचा लगेच घरातला तंटा होतो.

पुढची पायरी म्हणजे वेपही सोडणं. दोन वर्षं झाली, आता ते जमण्यासारखं आहे. निकोटिनचा गम किंवा पट्टी, डॉक्टरांच्या सल्ल्याने व्हरेनिक्लिनसारखी गोळी, आणि सोबत समुपदेशन. राष्ट्रीय तंबाखू क्विटलाइनचा निःशुल्क क्रमांक १८००-११२-३५६. फेकायच्या वेपमध्ये किती निकोटिन गेलं याचा हिशेब राहत नाही, त्यामुळे ‘कमी करतोय’ असं म्हणणारे बहुतेक जण कमी करत नसतात. त्यांनी किती दिवसांत एक नळकांडी संपते ते लिहून आणावं. तेवढ्यावरून गमचा डोस ठरवायला सोपं जातं.

बाळाची तपासणी नको. कोटिनिन मोजता येतं, पण आकडा आला तरी करायचं तेच आहे : घरातलं ओढणं बंद. एक्स-रेचाही काही उपयोग नाही. बाळाला दर सर्दीत घरघर होत असेल, दूध पिताना धाप लागत असेल, खोकला तीन आठवड्यांहून जास्त टिकत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा आणि घरात वेप आहे हे न लाजता सांगा. लोक बरोबर तेवढंच सांगायचं राहून जातात.

सासूबाईंना मात्र एकदा तपासून घ्या. फुंकर मारायची स्पायरोमेट्री करू, आणि त्या पंप कसा घेतात ते त्यांनी माझ्यासमोर घेऊन दाखवायचं. येताना त्यांचे दोन्ही पंप आणा, रोजचा आणि धाप लागल्यावर घ्यायचा. गेल्या महिन्यात दुसरा आठवड्याला दोनदाहून जास्त लागला असेल, तर वेप थांबला तरी औषध बदलावं लागेल.